मापाची कातडी

८ फेब्रुवारी, कोल्हार
लग्न होऊन काल या घरी आले. स्लॅबचं घर, गच्चीवरून प्रवरा दिसते. हे, म्हणजे वैजनाथ, कमी बोलतात. पण संध्याकाळी आठवणीने गरम भजी बांधून आणली. सासूबाई लंकाबाई कामाला हात लावू देत नाहीत. म्हणाल्या, मेंदी उतरू दे आधी. ह्यांची पहिली बायको राजेश्वरी तापाने गेली, एवढंच माहेरी कळलं होतं. मी खूश आहे.

१९ फेब्रुवारी
शेजारच्या बनुबाईंनी आज कुंपणापाशी सगळं सांगितलं. ताप नव्हताच. राजेश्वरीच्या काखेतली कातडी सैल पडून झोळीसारखी लोंबायला लागली होती. नगरच्या डॉक्टरांनी लिंफोमा सांगितला, कातडीतला कॅन्सर. कुणाला लागत नाही, उपचार सुरू करा म्हणाले. मायलेकांनी तिला चाऱ्याच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली. तिथेच गेली. शेवटी बनुबाईंना खिडकीतून म्हणाली, "माझी कातडी तर गेली. आता ह्या नवऱ्याची घालीन."

४ मार्च
ह्यांच्या पाठीला तेल चोळत होते. काखेजवळची कातडी चिमटीत आली आणि तशीच उभी राहिली. दाबली तरी बसेना.

१७ मार्च
दोन्ही काखांत झोळ. हे म्हणाले, दवाखान्यात न्या मला. सासूबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. पोटच्या लेकालाही चाऱ्याच्याच खोलीत घातलं. बाहेरून कडी.
मला दया यायला हवी होती. नाही आली. कडी मीही काढली नाही.

२३ मार्च
जेवण द्यायला गेले. हे रडत होते. म्हणाले, ती आतून हात घालते, झंपर घालावा तसा. अजून तंग होतंय म्हणते. ओढून ओढून सैल करते.
तेवढ्यात काख हलली. आतून बोटं—

२९ मार्च
भर दुपार. सासूबाई ताट घेऊन खोलीत गेल्या. ओरडल्या नाहीत. फक्त ताट पडल्याचं ऐकू आलं.

कुणीतरी अंगणातून येतंय. चाल बाईची. तोंड ह्यांचं, पण गालावर ओघळलेलं—

दारात उभी आहे. माझ्याकडे पाठ केलीय. पाठ उघडी, मानेपासून खाली—

म्हणते, "भिऊ नको, पोरी. तुझ्याशी माझं वैर न्हाई. सुई-दोरा आन. मागून तेवढं शिवून दे, माझा हात पुरत—