मुक्या शिपायाची आई

वारूळवाडी, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून सुन्न आहे. रोपवाटिकेत द्राक्षाची कलमं बांधताना शेजारीच उभ्या लेकीचं, मनीषाचं, मैत्रिणीशी फोनवर चाललेलं बोलणं कानावर आलं. पोरीनं बँकेची नोकरी सोडली! आता व्हिडिओ गेमवरून चित्रकथा काढणार. एक जपानी चित्रकार जन्मभर हेच करत आला म्हणे. गेममधल्या मुक्या शिपायाला त्यानं आई दिली, घर दिलं, वाचणारे रडले.

"दुसऱ्याच्या गोष्टीवर जगायचं?" मी ओरडलो.

"आप्पा, तुमी रानटी वेलाच्या खुंटावरच कलम बांधता ना? मग द्राक्षाची गोडी खुंटाची का कलमाची?"

बँक सोडली! वर उत्तर दिलं तेही माझ्याच धंद्यातलं. मी त्या मुक्या शिपायासारखा उभा. आता हिच्या आईला सांगायचं कुणी, राव?