गंजोबाचं पुढे काय झालं

तीर्थस्वरूप दादास,

सादर नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण आठ अंगांपैकी दोन्ही गुडघ्यांनी हरकत घेतली, आणि जिथे बसून लिहिते आहे तिथे आडवं व्हायला जागाही नाही. इकडे सर्व क्षेम. तिकडचं क्षेम तू कळवत नाहीस, म्हणून ते तुझ्या दूधवाल्याकडून घेते. (तो म्हणतो, पिशवी आत जाते, म्हणजे साहेब आहेत. नैयायिकांनी धुरावरून अग्नी ओळखला, मी पिशवीवरून भाऊ ओळखते.) घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तू फोन उचलत नाहीस आणि बेल वाजवली तर घरात नसल्यासारखा बसतोस. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की गाठ गेली, धोका टळला, पण उरलेला आवाज वापरला नाही तर तोही हातचा जाईल. तुझं म्हणणं काय ते कळत नाही, कारण तू काही म्हणतच नाहीस. साबणाच्या जाहिरातीतल्या नवऱ्यापासून माहितीपटातल्या पाणघोड्यापर्यंत सगळ्यांना ज्याने आपला आवाज दिला, त्याला स्वतःच्या घोगऱ्या आवाजाची एवढी लाज वाटावी? असो. मी रागवायला लिहीत नाहीये. मी लिफ्टमध्ये अडकले होते, ते सांगायला लिहिते आहे.

झालं असं, की संस्कृतच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी शाळेच्या नव्या इमारतीत लिफ्टने वर निघाले. (जिना होता. पण 'देव' शब्द चालवताना मुलांनी देवाचे जे हाल केले होते, त्यांचं ओझं गठ्ठ्याहून जास्त होतं.) दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टने आचका दिला, दिवा गेला आणि शिक्षिकेला शोभेल असं धैर्य मी साधारण अर्धं मिनिट दाखवलं. त्यानंतर काय काय ओरडले ते शिपायाने मुख्याध्यापिकांना सविस्तर सांगितलं आहे. मग बऱ्याच वेळाने दारापलीकडून कुणीतरी म्हणालं, "सावकाश. मी आहे." दादा, तुझंच वाक्य, पहिल्या शब्दानंतरची तुझीच थांबण्याची तऱ्हा. मी भान हरपून "दादा!" अशी हाक मारली. बाहेरून शांतपणे उत्तर आलं, "हो ताई, बोलत राहा."

दार उघडलं तेव्हा समोर कानाला ग्रीस लागलेला लिफ्टचा मेकॅनिक. मी धन्यवाद द्यायच्या ऐवजी, हे वाक्य तुम्ही कुठून आणलंत, अशी दरडावून चौकशी केली. त्याला माझी कीव आली. गंजोबा माहीत नाही? तुला गंजोबा सांगायला नको (तू त्याला आवाज दिला होतास, हे मीच विसरले होते), पण त्याने मला सांगितला तो असा: त्याच्या लहानपणी दुसऱ्या भाषेतून आपल्या भाषेत आणलेलं एक कार्टून लागायचं. त्यात अंतराळातल्या एका वसाहतीत लिफ्ट चालवणारा म्हातारा, गंजलेला यंत्रमानव होता. जो कुणी घाबरलेला आत येईल त्याला तो हेच वाक्य म्हणायचा. एका भागात मुलांना बाहेर ढकलून तो आत राहतो, दार बंद होतं आणि पुढच्या भागापासून त्याचं कुणी नावही काढत नाही. इथे त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "आमच्या कामात पहिलं हेच शिकवतात," तो म्हणाला. "आत कुणी अडकलं की यंत्राकडे नंतर बघायचं. आधी दाराशी बोलायचं आणि बोलत राहायचं. गंजोबाशी कुणीच बोललं नाही, ताई." म्हणून तो गेली कित्येक वर्षं गंजोबाच्या पुढच्या गोष्टी लिहितो. असे बरेच जण आहेत आणि ते अधूनमधून भेटतात, असंही कळलं.

गेले की मीही! सायकलीच्या दुकानावरच्या एका खोलीत हा मेळा. चांगली कर्तीसवरती माणसं अंगाला पुठ्ठे बांधून, त्यांना चंदेरी कागद चिकटवून हिंडत होती. (एकाला पुठ्ठ्यामुळे बसता येईना आणि दुसऱ्याला उठता येईना.) भिंतीभर चित्रं: गंजोबा बागेत झारी घेऊन, गंजोबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे, गंजोबा पोहायला शिकताना. शेवटच्या चित्रात गंज आणि पाण्याचा विचार झालेला नव्हता, पण चेहरा फार आनंदी होता. प्रथम मी संस्कृतवालीच्या आढ्यतेने हसले. मग आठवलं, की आमच्या जुन्या नाटककारांनी तरी वेगळं काय केलं? मूळ कथेत नायक चुकीचा वागला की एखादा शाप आणून त्याची अब्रू वाचवायची. दोन ओळींची दासी आवडली की तिला अख्खा अंक द्यायचा. आपलं माणूस कथेत उपेक्षित राहिलं हे सहन झालं नाही, की लेखणी उचलायची. फरक एवढाच, की ते राजाश्रयाने लिहीत आणि ही मंडळी रविवारी सुट्टी बघून लिहितात.

मग गंजोबाचं वाक्य म्हणायची स्पर्धा झाली. म्हटलं, इथे आपल्याला कोण हरवणार? मी शेवटून पहिली आले. शाळेची बस चालवणाऱ्या एक बाई जिंकल्या. मेकॅनिक परीक्षक होता, त्याने मला हळूच समजावलं, "ताई, तुम्ही वाक्य शिकवताय. गंजोबा सोबत करतो." हे लागलं मला. मूळ वाक्य "दार बंद होत आहे" असं होतं, हे यांना काय ठाऊक? अंधारात जिना उतरायला मी घाबरायचे तेव्हा खालच्या पायरीवर उभा राहून तू काय म्हणायचास, आणि तेच तू तिथे दडपून घातलंस, हे मला ठाऊक. मी भर सभेत सांगितलं, की तो गंजोबा माझा सख्खा भाऊ आहे. कुणी चकित झालं नाही. बसवाल्या बाईंनी माझा हात थोपटला. "हो ताई," त्या म्हणाल्या, "आमचाही."

घरी येताना बसमध्ये मेकॅनिकची सगळ्यात नवी गोष्ट वाचली. तीत बंद लिफ्टमध्ये धूळ जाऊन गंजोबाचा आवाज बिघडतो, पत्र्यावर खडा घासल्यासारखा होतो. मुलं परत येऊन हाका मारतात, पण हा उत्तर देत नाही. आत कुणी नाही असं वाटून ती निघून जातील तर बरं, असं त्याला वाटतं. मुलं जात नाहीत. दाराशी बसून कुणाचा दात पडला, कुणाचं गणित चुकलं, असल्या फालतू गप्पा मारत राहतात. शेवटी आतून खरखर ऐकू येते, तेच वाक्य. सगळ्यांत धाकटी म्हणते, "हाच." (माझा थांबा मागे गेला. पुढच्या थांब्यावरून चालत आले.) मी त्याला फोन करून विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं. तुझ्याबद्दल त्याला काडीचीही माहिती नाही. म्हणाला, बंद लिफ्टच्या स्पीकरमध्ये धूळ जातेच, त्यात सुचायचंय काय.

बाकी विशेष नाही. घराच्या खिडकीची काच बदलली. माझा एक दात हलतो आहे. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघून अजून हसतात.

तुझी धाकटी,
(तू म्हणायचास ती) पंडितीण

ता. क. — पुढच्या मेळ्याला तुला आणावं असा माझा विचार आहे. ओळख करून देणार नाही. वाक्य म्हणालासच, तर तुझा नंबर शेवटून दुसरा येईल, याची तयारी ठेव.

ता. क. २ — पाकिटाला तिकीट का नाही, असा प्रश्न तुला पडला असेल. हे पत्र टपालाने आलेलं नाही, दाराखालून सरकवलं आहे. मी तुझ्या जिन्यावर, वरून तिसऱ्या पायरीवर बसले आहे. (लिफ्ट चालू आहे. तरी मी जिन्यानेच आले.) उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोबत आणला आहे, तेव्हा मला घाई नाही, आणि देवाचे काय काय हाल झालेत ते एकेक करून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. हसू आलं तर ते घोगरं आलेलं चालेल. कडी काढायला हवा तेवढा वेळ घे.

सावकाश. मी आहे.