डोके आणि बाकीची मालमत्ता

मी, निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटू, मधल्या फळीतला, राहणार याच घरी, लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी शाबूत आहे. असे सगळेच लिहितात. माझ्या बाबतीत ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागले. त्यांनी मला घड्याळाचे चित्र काढायला लावले, वार उलटे म्हणायला लावले आणि शेवटी म्हणाले, "आत्ता लिहून टाका. पुढच्या वर्षावर ढकलू नका." म्हणून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. याआधीचे मृत्युपत्र बायकोच्या नावे होते. ती माझ्या आधी गेली, तेव्हा ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणासह, माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिने त्यात राहावे किंवा विकावे. मागच्या खोलीचे दार ओल धरून फुगते, त्याला रंधा मारून घ्यावा. माझ्याकडून ते राहून गेले.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलीचेच.

कलम ३. माझी जर्सी क्लबला देऊ नये. क्लबला ती काचेच्या कपाटात लावायची आहे, तसे दोनदा फोन आले. माझा मित्र, आमचा स्टॉपर म्हणजे मधला बचावपटू, आयुष्यभर त्याच क्लबच्या गोलसमोर उभा राहिला. गेल्या महिन्यात तो गेला तेव्हा क्लबने पुष्पचक्र पाठवले, माणूस पाठवला नाही. मुलीने जर्सी गाडी पुसायला घेतली तरी माझी हरकत नाही.

कलम ४. गुडघ्याचे पट्टे आमच्या आघाडीच्या खेळाडूला, ज्याला सगळे बाण म्हणत. अंतिम सामन्यात चेंडू आपल्या पायाशी "कसा आला कोण जाणे" असे तो प्रत्येक मुलाखतीत सांगतो. तो मी दिला होता. एवढी नोंद इथे असू द्यावी. आता त्याला जिना चढवत नाही असे ऐकतो. पट्टे चांगले आहेत.

कलम ५. माझे डोके. हे मृत्युपत्र मुख्यतः यासाठी आहे.

गोलकीपर लांब किक मारायचा आणि चेंडू मैदानाच्या मध्यावर उतरायचा. तिथे तो डोक्याने घेणे हे माझे काम. आमचे कोच सरावाला भिजलेला चेंडू दोरीने टांगत आणि मी व स्टॉपर समोरासमोर उभे राहून तो आळीपाळीने कपाळाने मारत असू. चक्कर आली की कोच म्हणत, "बसा जरा. पाणी प्या. आणि उठा." आम्ही उठत असू. सामन्यात स्टॉपर माझ्या मागे असे. त्याने "सोड, माझा!" अशी हाक दिली की मी मान खाली घालायची आणि त्याने उडी घ्यायची. असे फार वेळा झाले. म्हणजे माझ्या वाट्याचे कितीतरी चेंडू त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतले.

शेवटच्या वर्षी तो बायकोला ओळखत नव्हता. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावोजी, पाणी दिलं की म्हणतात, थँक्यू सिस्टर. लग्नापासून आजवर मला कधी थँक्यू म्हणाले नव्हते." एके दिवशी मी इस्पितळात त्याच्यापाशी असताना एका नर्सने गुंडाळलेला टॉवेल त्याच्या पलंगावरून पलीकडच्या नर्सकडे फेकला. तो एकदम "सोड, माझा!" म्हणाला आणि त्याने उशीवरून कपाळ पुढे काढले. सगळे हसले. मीही हसलो. मग थोडा वेळ बाहेर बाकावर जाऊन बसलो.

हे हेड मारल्यामुळे झाले का, ते मेंदू तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. तो गेल्यावर वहिनींना संमतीची सही करवली नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही. पण तो टांगलेला चेंडू मारणाऱ्या आम्हा दोघांपैकी ज्याचे तपासता येईल असा आता मी उरलो आहे. मलाही हल्ली नावे सापडत नाहीत. म्हणून मृत्यूनंतर माझा मेंदू इस्पितळाला तपासणीसाठी द्यावा.

त्या वेळी घरच्यांपैकी कोणाची, किंवा मी लिहून नेमलेल्या माणसाची सही लागते. मुलीचा नकार आहे.

"बाबा, दोन्ही गुडघे दिलेत त्या खेळाला. आता डोकंही द्यायचं?"

"मेल्यावर दुखत नाही गं."

"तुम्हाला नाही दुखणार. मला दुखेल त्याचं काय?"



वकीलसाहेबांनी सुचवले, "घराला अट जोडा. सही नाही तर घर नाही. मुकाट्याने करतील." मी नको म्हणालो. घर तिचे आहे, तिने सही केली नाही तरी तिचेच आहे. म्हणून सहीचा अधिकार मी वहिनींना देतो. त्या म्हणाल्या, "यांच्या वेळी माझा हात उचलला नाही. तुमच्या वेळी करीन, भावोजी."

कलम ६. हे कलम मजकूर वाचून झाल्यावर वाढवले आहे.

सह्यांसाठी सगळे पुढच्या खोलीत जमले असताना मुलीने कागद मागून घेतला व उभ्यानेच वाचला. मग तिने डॉक्टरांना विचारले, "नंतर चेहरा दिसेल ना यांचा?"

"मागच्या बाजूने उघडतात. उशीवर ठेवलं की कळतही नाही."

"आणि घरी आणू देतील?"

"देतील की."

तिने कलम ५ पुन्हा वाचले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकूंचं नाव कशाला घातलंत? त्याच इस्पितळात परत पाठवायचं त्यांना, तुमच्यासाठी? काही डोकं आहे का तुम्हाला, बाबा?"

"आहे. त्याचंच चाललंय," मी म्हणालो.

ती हसली नाही. म्हणाली, "खोडा ते. मी जाईन. पण आधी चेहरा बघणार, आणि घरी आणणार."

तरी तपासणीनंतर मला घरी आणावे व मुलीच्या मनासारखे होईपर्यंत घाई करू नये. कलम ५ मधील सहीच्या अधिकारापुरता "वहिनींना" हा शब्द रद्द करून तिथे "माझ्या मुलीला" असे वाचावे. हा बदल मी स्वतःच्या हाताने, समजून-उमजून केला आहे व बाजूला सही केली आहे.

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही:
१. आमचे डॉक्टर (सही)
२. मैदानाचे जुने माळी (सही)

लिहून ठेवणार: (सही)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: आजचा, वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तो. मला विचारला तेव्हा मी बरोबर सांगितला.