आकडे नसलेली पानं

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून मी पत्र लिहिते आहे, याचं तुम्हाला हसू येईल. पण समोर बसून सांगायला गेले की शब्दच फुटत नाही. तुम्ही वकिलांची रजिस्टरं पोचवायला गेला आहात आणि मी आपल्या बाइंडिंगच्या दुकानात तुमच्याच स्टुलावर बसले आहे.

गेल्या वर्षी परदेशातल्या कॉलेजने माझा पहिला अर्ज नाकारला, तेव्हा मी इथलं कॉलेजही सोडलं. दोन वर्षं इथे, पुढची तिकडे, असं ऐटीत सगळ्यांना सांगून बसले होते ना! मग कोणत्या तोंडाने वर्गात जाणार? तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. मामा म्हणाला, पोरीचं वर्ष पाण्यात गेलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. एका सकाळी माझ्या हातात दाभण ठेवून शिवायच्या वह्यांचा ढीग पुढ्यात टाकलात. पहिल्या दहा मी अशा शिवल्या की उघडताच पानं गळाली. तुम्ही त्या उसवून परत माझ्याकडेच सरकवल्यात. तुम्ही मला ठेवलेलं 'दाभण' हे नावही तेव्हाचंच, बारीक आणि टोचणारी म्हणून. खरं सांगते, त्या वर्षी मी सुखात होते. तरी जुनी मैत्रीण प्रबंध बांधायला घेऊन आली, तेव्हा मी हाताची खळ घाईघाईने पुसली आणि म्हटलं, सहज डोकावले होते इथे. तुम्ही मागेच पुठ्ठे कापत होतात. तुम्ही ऐकलंत.

दुसऱ्या अर्जात प्रश्न होता, शिक्षणात एक वर्षाचा खंड का पडला? त्याचं चार पानी उत्तर मी तुम्हाला कधी दाखवलं नाही. प्रवेश मिळाला आणि तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात. मग परवा माझ्या टेबलावरचे सगळे कागद तुम्ही गुपचूप नेलेत आणि काल त्यांचं कापडी पाठीचं पुस्तक करून माझ्यापुढे ठेवलंत. ती चार पानंही त्यातच असणार. पण गिऱ्हाइकाचा कागद शिवायचा, वाचायचा नाही, हा तुमचा नेम आठवला आणि जिवात जीव आला. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाठीला खळ लावली नाही अजून. एखादं पान बदलायचं असलं तर बदल." मला वाटलं, कामाचं बोलताय.

आज सकाळी पुस्तक उघडलं. त्या चार पानांवर मी आकडे घातलेच नव्हते. टेबलावर ती कशीही पडली होती, एक तर चहाच्या कपाखाली. पुस्तकात मात्र अगदी ओळीने आहेत. बिनआकड्यांची पानं कशी लावायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. एका पानाचे शेवटचे शब्द बघायचे, दुसऱ्याचे पहिले, जुळले की पान लागलं. बाकी मजकुरावर नजर जाऊ द्यायची नाही. माझं दुसरं पान संपतं 'माझे वडील' या शब्दांवर. तिसरं सुरू होतं 'वारल्यानंतर' असं.

बाबा, ती दोन पानं तुम्ही स्वतःच्या हातांनी जुळवलीत. शिलाईचा एक टाका वाकडा नाही. काल रात्री जेवताना भाजीही मला आधी वाढलीत. पुढे मी लिहिलंय की दुकान मी एकटीने सांभाळलं. म्हणजे तुम्हाला मारून तुमची मेहनतही मी लाटली. मला माझीच लाज वाटते आहे. माफी मागायलाही तोंड नाही.

दुपारी कॉलेजला खरं काय ते कळवून टाकलं. प्रवेश बहुतेक जाईल. गेला तर मामाला मी स्वतः सांगेन. आता हे पत्र पुस्तकं दाबायच्या शिकंज्यापाशी ठेवते. त्या चारांतली शेवटची दोन पानं मी उसवली आहेत आणि दोन नवीन लिहिली आहेत. दाभण ओवून तयार आहे, पण शिवायचं तुम्हीच. आणि एवढी पानं तरी नेम मोडून अख्खी वाचा. दुसरं पान तसंच ठेवलंय, 'माझे वडील' इथे संपणारं. नवीन पान सुरू होतं, 'काहीच बोलले नाहीत'. जुळतं का, बघाल?

तुमचीच,
दाभण