चौथ्या जोडाचा दोष

३ मार्च, सोमवार

हातमोज्यांचे चार जोड आले एकदाचे. साहेबांनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. "दहा दिवसांत एक पसंत करा. ओढून बघा, फाडून बघा, जाळून बघा. नंतर कुरकुर नको."

चाळीस जणांची पोलीस तुकडी — दारं फोडून आत शिरणारी. दोर, काचा, बंदुकीची तापलेली नळी, सगळं त्याच हातांनी. मोजा तीन वर्षं तरी टिकायला हवा, आणि त्यातून पिस्तुलाच्या चापावर बोट कळायलाही हवं. गोम तिथेच आहे. जाड घ्यावा तर बोट बहिरं, पातळ घ्यावा तर हात उघडा.

पहिला जोड देखणा. काळाभोर, बोटांच्या सांध्यांवर टणक कवच. घातला आणि मूठ वळायला गेले तर वळेचना! मॅगझिनमध्ये काडतुसं भरताना चार सांडली. दुसरा पातळ, हाताला छान बसतो. तिसरा बराय. चौथा शेळीच्या कातड्याचा, कुठल्याशा छोट्या कारखान्यातला, अगदीच गबाळा. शिट्टी म्हणाला, "मॅडम, हा तर बागकामाचा!"

शिट्टी — अकरा वर्षं माझा सहायक. नेमबाजीच्या रेंजवर शिट्टी फुंकतो म्हणून हे नाव मीच ठेवलं, आता त्याची बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारते म्हणे.

५ मार्च, बुधवार

दुसरा बाद. तापल्या नळीला तळवा टेकवला तर कापड वितळून नळीलाच चिकटलं. आत हात असता तर! पहिलाही बाद — मूठच वळत नाही तर कवच काय करायचंय.

तिसरा कोरडा असेपर्यंत गुणी. ओला झाला की दोर निसटतो.

चौथा मात्र ढिम्म! दोरावरून अकरा वेळा घसरलो, फुटक्या काचा उचलल्या, साबणाच्या पाण्यात बुडवला. तळव्यावर नुसता एक ओरखडा. शिट्टीने "बागकामाचा" हा शब्द जाहीरपणे मागे घेतला. उरला फक्त गोळीबार. तो शुक्रवारी.

६ मार्च, गुरुवार

सकाळी गरम पातेलं हातानेच उचललं. हे ओरडले, "अगं, चिमटा कुठाय?" बोटाला फोड आला. लक्ष नव्हतं, दुसरं काय.

७ मार्च, शुक्रवार

माझ्या हातून गोळी सुटली.

नीट लिहिते. चौथा जोड घातला होता. पिस्तूल खाली झुकवलेलं, नेम धरायचाच होता अजून. आणि आवाज. शिट्टीच्या बुटापासून हातभर अंतरावर सिमेंटचा कपचा उडाला. हातभर! जरा इकडेतिकडे झालं असतं तर — नको.

सव्वीस वर्षांत कधी नाही झालं असं. मी नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी काय सांगते? नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर.

सगळे थिजले. माझाच आवाज ऐकू आला, "शिवण अडकली. मोजाच वाईट आहे." बोटाच्या टोकाशी शिवण जाड आहे, ती चापात अडकली. तसंच झालं. शिट्टी पांढराफटक पडला होता, तरी म्हणाला, "हो मॅडम. अडकलीच."

साहेबांनी अहवाल मागितला. मी लिहिला, साक्षीदार म्हणून शिट्टीकडे सहीला पाठवला, त्याने परस्पर पुढे दिला. चौथा बाद, तिसरा मंजूर.

१० मार्च, सोमवार

चौथा जोड ज्यांनी बनवला ते कारागीर आले होते. साठीचे असतील. सोबत त्यांची सून, तीच शिवते. बाद झाल्याचं पत्र हातात.

"मॅडम, भांडायला नाही आलो. शिवण कुठं अडकली तेवढं दाखवा. पुढच्या वेळी सुधारू."

मी जोड काढून दिला. त्यांनी उजवं बोट उलटं केलं, अस्तर बाहेर काढलं, माझ्यासमोर धरलं. टोकाला शिवणच नाही! अख्खं कातडं बोटाला गुंडाळून सांधा बाजूला, पार मागच्या अंगाला घेतलेला.

"चापाचं बोट म्हणून मुद्दाम असं केलंय," ते म्हणाले.

"वापरताना सरकली असेल," मी म्हटलं.

"असेल. तुम्ही म्हणताय तर असेल."

सून गप्प बसेना. "सरकेल कशी? दुहेरी टाका आहे. ओढून बघा ना!" सासऱ्यांनी तिच्या दंडाला हात लावला. तिने जोड पिशवीत टाकला. जाताना तिची नजर माझ्या बोटावरच्या फोडावर गेली. मी हात टेबलाखाली घेतला.

१३ मार्च, गुरुवार

रेंज रिकामी होती. दार लावून घेतलं. पिस्तूल रिकामं — तीनदा तपासलं. मोजा नाही, उघडा हात. डोळे मिटले आणि चाप हाताला लागण्याची वाट बघत बोट आत नेलं.

टक्.

मी अजून वाट बघत होते आणि घोडा पडलाही होता.

पुन्हा. टक्. पुन्हा. पाचव्या वेळी खाली बसले.

सात तारखेला इथे खोटं लिहिलं मी. रोजनिशीत! इथे कोण वाचणार होतं? शिवण-बिवण काही नव्हतं. बोट कुठे आहे हेच मला कळलं नव्हतं. हिवाळ्यापासून बोटांची टोकं बधिर आहेत. सुई टोचली तरी कळत नाही, बटणं डोळ्यांनी बघून लावते. थंडी आहे, वय आहे, झोप कमी आहे — काय काय कारणं शोधली. शेवटी खापर मोज्यावर फोडलं. आणि माणूस मरता मरता वाचला.

१५ मार्च, शनिवार

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. मशीनने नसा तपासल्या. मानेत नस दबलीय म्हणे. कदाचित शस्त्रक्रिया, आणि केली तरी स्पर्श परत येईलच असं नाही.

"काम काय करता?"

"नेमबाजी शिकवते."

त्यांनी लिहायचं थांबवलं. "मग तोंडाने शिकवा. हत्यार हातात घेऊ नका."

घरी ह्यांना सांगितलं, गोळीचंही. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "सांगून टाक ऑफिसात. फार तर चार दिवस घरी बसशील."

चार दिवस म्हणे! रेंजच्या बाहेर मी कोण आहे हे मलाच ठाऊक नाही. सोमवारी सांगेन.

१७ मार्च, सोमवार

नाही सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार

तिसऱ्या जोडाची पहिली खेप आली आणि लगेच दोराचा सराव ठेवला. सकाळी दव पडलेलं. तुकडीतली उंच पोरगी, जिला सगळे शिडी म्हणतात, दुसऱ्या मजल्यावरून उतरत होती. अर्ध्यावर हात निसटला. दाणकन खाली! मनगट मोडलं. ओला तळवा निसटतो हे मला पाच तारखेपासून माहीत होतं. मीच लिहून ठेवलंय, वर.

गाडीत बसवताना पोरगी मलाच म्हणते, "सॉरी मॅडम, माझीच पकड ढिली पडली."

मला सॉरी म्हणाली!

१९ मार्च, बुधवार

ऑफिस उघडायच्या आधी साहेबांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. चार ओळी लिहून नेल्या होत्या — शिवण अडकली नाही. त्या बोटाला शिवणच नाही. माझ्या बोटांना स्पर्श कळत नाही. हे मी लपवलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हा कागद परत न्या. विचार करून उद्या या."

"विचार करून झालाय, साहेब."

रेंजच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तिसऱ्या जोडाची खेप परत जाणार, चौथ्याची चाचणी नव्याने होणार. माझी चौकशी लागेल. लागू दे. माझ्या जागी शिट्टीला घ्या, असंही सांगून आले. त्याच्याइतका चोख माणूस नाही.

मग कारागिरांना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. तर म्हणतात, "बोटाला औषध काय दिलंय, मॅडम?"

फोन ठेवून पोटभर रडले.

२१ मार्च, शुक्रवार

दोन रात्री गाढ झोप लागली. किती दिवसांनी! हे म्हणतात, घोरतेस.

२४ मार्च, सोमवार

शिट्टी आला होता. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

माझ्या अहवालाखाली सही करताना त्याने आपल्या हाताने एक ओळ घातली होती — "शिवण अडकताना मी स्वतः पाहिली." मला आज कळलं. खोटी साक्ष दिली म्हणून सकाळी त्याला निलंबित केलं.

"तुमचं बोट मी हिवाळ्यापासून बघतोय, मॅडम," म्हणाला. आवाज चढला नाही की काही नाही. "साहेबांकडे जायच्या आधी मला एक शब्द बोलला असतात तर."

मला सुचलंच नव्हतं.