एकदम ठणठणीत

५ सप्टेंबर, गुरुवार
जिम लावली. लग्नाच्या बायोडाटातला फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे. त्यामुळे १५ तारखेच्या रविवारी अकोल्याच्या आरतीसमोर फोटोसारखं दिसणं, एवढंच काम उरलंय. पितृपक्ष लागायच्या आत पाहणं उरकू, असा तिच्या वडिलांचा, शेषरावांचा, निरोप आहे. मी तयारच. वय चौतीस, यंदा नाही तर कधीच नाही, असं आई म्हणते. ट्रेनर श्यामने पन्नास बैठका सांगितल्या. बारा मारल्या. बाकीच्या उद्या.

८ सप्टेंबर, रविवार, सकाळ
थंडी वाजून ताप. एकशे तीन! चरबी जळायला लागली की उष्णता निघणारच. आई उगाच घाबरली. म्हणे, "गजू, अर्धी गल्ली चिकनगुनियानं वाकून चालून राह्यली, डॉक्टरले दाखव ना बाप्पा." अर्धी गल्ली जिमला जात नाही. मी जातो. (परवापासून गेलो नाही, पण फी भरली आहे.) आरशात पाहिलं. डोळे लालबुंद, नजर भेदक.

९ सप्टेंबर
मनगटं, घोटे, गुडघे, बोटांची पेरंसुद्धा ठणकताहेत. बॉडी बनतेय! श्यामला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, बारा बैठकांनी बोटं कशी दुखतील दादा? श्यामचा अभ्यास कमी आहे.

११ सप्टेंबर
शेजारच्या गोदाकाकूंकडे महालक्ष्म्यांचं जेवण. पुरणपोळी, कढी, आंबील, सोळा भाज्या. मी दोन घासांत ताट बाजूला सारलं. काय विल पॉवर! तोंडाला चव नव्हती ही गोष्ट वेगळी. काकू चिडल्या, "कावून रे, महालक्ष्मीचा परसाद कोनी टाकते काय?" मग त्यांना माझ्या हातावरचं लाल पुरळ दिसलं आणि त्या लगेच दोन हात मागे सरकल्या. रक्ताभिसरण सुधारलं की त्वचेवर तेज येतं, हे त्यांना कुठून कळणार.

१३ सप्टेंबर
ताप गेला. वजन चार किलो कमी! फोटोपेक्षाही बारीक झालोय. आनंदाने नाचणारच होतो, पण पलंगावरून उठवायला आई यायला उशीर झाला. चाल जराशी बदलली आहे. कमरेत वाकून, पाय फाकवून, हळूहळू. भारदस्त वाटते. आईला शपथ घातली, अकोल्यात तापाचं अवाक्षर काढायचं नाही. आजारी पोराला कोण मुलगी देतं? आणि मुळात मी आजारी नाहीच.

१५ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ
अकोला फत्ते!
दार शेषरावांनी उघडलं. कमरेत वाकलेले, भिंत धरून. मागे आरतीचे मामा पंजाबराव, तेही वाकलेले. मी माझ्या नव्या चालीने आत गेलो आणि पाया पडलो. आधीच वाकलेला असल्यामुळे फार सोपं गेलं. दोघं बघतच राहिले. मग शेषराव मायेने म्हणाले, "काहो बापू, तुमालेबी चिकनगुनिया झाला काय? आमचं तं पूरं घर धरलं त्यानं." मी छाती फुगवून (जमेल तेवढी) म्हटलं, मला? छे! एकदम ठणठणीत. जिम करतो. शेषरावांनी पंजाबरावांकडे पाहिलं, पंजाबरावांनी माझ्या कमरेकडे. छाप पडली!
आरती पोह्यांची प्लेट दोन मनगटांवर तोलत घेऊन आली. बोटं मिटत नव्हती बिचारीची. मीही प्लेट तशीच मनगटांवर घेतली. तिने पाहिलं, लाल झाली आणि आत गेली ती परत आलीच नाही. किती लाजाळू! निघताना पंजाबराव भिंत धरून उठले, समोरची भिंत धरून मीही उठलो. बसमध्ये आई आमची अमरावती येईपर्यंत कपाळाला हात लावून बसली होती. तिलाही आनंद झाला की असंच होतं. होकार पक्का.

१६ सप्टेंबर
पंजाबरावांचा आईला फोन. "तुमचं पोरगं आमच्या दुखण्याची नक्कल करून गेलं! आमच्याच घरात आमच्याच चालीनं चालून दाखवते, पोरीसारकी प्लेट धरून दाखवते. अशा टवाळाले पोरगी देऊन राह्यलो काय आमी?"
गैरसमज! तडक डॉक्टरकडे गेलो, रक्त दिलं. आता फक्त चिकनगुनिया निघू दे.

१८ सप्टेंबर
पॉझिटिव्ह! डॉक्टरांचे दोनदा आभार मानले. तिथूनच शेषरावांना फोन लावला. आरतीने उचलला. नक्कल नव्हती, मी खरोखर आजारी आहे, लेखी पुरावा आहे, असं ठासून सांगितलं.
ती म्हणाली, "मंग बाबानं तोंडावर इचारलं तवा ठणठणीत कावून म्हनलं तुमी? आमी सारेच दुखणेकरी आहो. तुमाले पाहून बाबाले बरंच वाटलं होतं, आपल्यातलाच हाये म्हणून. आजारी चालला असता आमाले. खोटा नाई चालत."
औषध वेळेवर घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.
आई विचारते आहे, काय म्हणाली. अजून सांगितलं नाही.
जिम नाही, बॉडी नाही. नुसतं दुखतंय. फार दुखतंय.