स्क्रीनसमोरचं कपाट

सोमवार, ३

कपाट आज पुन्हा बरळलं! आमचे साहेब हो — आडवे एवढे की मनात मी त्यांना कपाटच म्हणते. मोठ्या साहेबांदेखत माझ्यावर खेकसले, "वेग वाढवा! फुल्ल सोडा! शुक्रवारी पाहुणे येणार, त्याआधी जुन्या डिस्क बाहेर!" पाहुण्यांना म्हणे सर्व्हर रूम चकाचक दिसली पाहिजे. हॉस्पिटल आहे की फर्निचरचं दुकान?

जुन्या डिस्कवरचा डेटा नव्यांवर जातोय, आणि त्याच डिस्कवरून डॉक्टर स्कॅन उघडतात. हलवाहलव जोरात केली की स्कॅन अडकलेच! म्हणून मी दिवसा वेग अगदी कमी ठेवते. कुणाला न सांगता. कपाटाला स्क्रीनवरचा वेगाचा आलेख वाचता येतो कुठे? बोलायला येतं तेही माझ्या स्क्रीनला पाठ लावून.

मंगळवार, ४

स्कॅन काढणाऱ्या ताईचा फोन, त्यांच्या खोलीतून. "अगं, अपघाताचा पेशंट होता, डोक्याचा स्कॅन पटकन उघडला. तुझं काम बंद आहे का?" चालू आहे म्हटलं. तिला पत्ताही लागला नाही, हेच तर माझं काम! इथे कुणाला त्याचं काय?

बुधवार, ५

मोठे साहेब हजर. "वाढवला ना वेग?"

"फुल्ल आहे, साहेब!" — कपाट, छाती काढून. न बघताच ठोकून दिलं! आणि पुन्हा नेमकं स्क्रीनसमोर. माझा जीव टांगणीला. आकडा दिसला असता तर नोकरी गेलीच होती. कपाटाच्या बिनडोकपणामुळे वाचले म्हणायचं.

शुक्रवार, ७

पाहुणे आले. जुन्या डिस्क जागेवरच घरघरत होत्या. मोठे साहेब लालबुंद! कपाटाला केबिनमध्ये नेलं. आता शेपूट घालून माझं नाव सांगणार, दुसरं काय येतं त्याला?

सोमवार, १०

खुर्ची रिकामी. मोठे साहेब म्हणाले, "वेग त्यानेच कमी ठेवायला लावला होता. कबूल केलं. काढून टाकलं."

मला लावला? कधी? एका अक्षराने बोलले नाहीत साहेब! म्हणजे त्यांना आलेख कळत होता. रोज बघत होते, आणि बघूनच तिथे उभे राहत होते.

"राहिलेलं आता फुल्ल सोडा," म्हणत मोठे साहेब वाकून बघायला लागले.

मी उठले. स्क्रीनला पाठ लावून उभी राहिले. "फुल्ल आहे, साहेब!"

मी मेली काटकुळी — दोन्ही बाजूंनी आलेख दिसतच होता.